जपानी पाते, युरोपीय मूठ : तलवारीच्या जोडकामाचा अभ्यास

वाराणसीत गंगेच्या पलीकडच्या काठावर रामनगरचा किल्ला आहे. काशीनरेश बलवंतसिंह यांनी तो १७५० च्या सुमारास बांधला. त्यातल्या संग्रहालयात शस्त्रांचे एक दालन आहे. भारतीय हत्यारांबरोबर ब्रह्मदेश, आफ्रिका आणि जपान इथली शस्त्रेही तिथे पाहायला मिळतात. अशा कोणत्याही दालनात फिरताना आपण तलवारीकडे एक अखंड वस्तू म्हणून पाहतो आणि पाटीवर एकाच देशाचे नाव असेल असे गृहीत धरतो. आता समजा, एका तलवारीचे पाते जपानी आहे, पण मूठ युरोपीय सेबरची, म्हणजे बोटांवरून वळत जाणारे पितळी कडे असलेली. पाटीवर काय लिहायचे?

अशा तलवारी दुर्मिळ नाहीत. पाते एका देशाचे आणि मूठ दुसऱ्याची, हा प्रकार जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात झाला, आणि त्याच्या कितीतरी आधी आपल्या दख्खनेत झाला. दोन्ही ठिकाणचा खरा प्रश्न एकच होता : पाते मुठीला धरून कसे ठेवायचे, आणि ते करताना पात्याचे नुकसान कसे टाळायचे. या पाठात आपण मुख्यतः जपानी पात्यावर सेबरची मूठ कशी बसते ते पाहू आणि शेवटी मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीकडे येऊ.

जोडाचे तीन प्रकार

तलवारीचे पाते मुठीपाशी संपत नाही. ते निमुळते होत मुठीच्या आत जाते. सोयीसाठी या आतल्या भागाला आपण ‘शेपूट’ म्हणू. जपानी भाषेत त्याला ‘नाकागो’ म्हणतात. घरातली जुनी सुरी किंवा विळा खिळखिळा झाल्यावर दांड्यातून जो लोखंडी तुकडा निसटून येतो, तोच हा भाग. मूठ टिकते ती या शेपटाच्या जिवावर, आणि त्याला पकडण्याच्या तीन रीती वेगवेगळ्या प्रदेशांत रुळल्या.

युरोपीय सेबरमध्ये शेपूट बारीक असते आणि मुठीच्या आरपार जाऊन मागच्या टोकाला, मोगऱ्यातून, किंचित बाहेर येते. ते बाहेर आलेले टोक हातोडीने ठोकून खिळ्याच्या डोक्यासारखे पसरवतात. काही नमुन्यांत तिथे आटे पाडून नट बसवतात. ठोकलेला जोड घट्ट असतो, पण तो सोडवायचा तर पसरवलेले डोके कानशीने घासून काढावे लागते, आणि दर वेळी शेपूट थोडे आखूड होते.

भारतीय तलवारीची मूठ बहुधा पूर्ण लोखंडी आणि आतून पोकळ असते. शेपूट आखूड असते. पोकळीत लाख किंवा राळ, त्यात विटेची पूड वगैरे मिसळून, गरम करून भरतात आणि पाते त्यात दाबतात. थंड झाल्यावर ते दगडासारखे धरून बसते. लाख ७०-८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होते. त्यामुळे मूठ बदलायची असेल तर ती हलकी तापवली की पुरते. तेवढ्या उष्णतेने पोलादाला काहीही होत नाही.

जपानी पद्धत तिसरी. शेपूट रुंद आणि लांब, त्याला एक भोक. लाकडी मूठ दोन फाकांत कोरतात, आतली पोकळी शेपटाच्या मापाची असते, आणि मूठ व शेपूट यांच्या आरपार बांबूची एक लहान खुंटी जाते. तिचे नाव ‘मेकुगी’. सगळी तलवार या एका खुंटीवर असते असे वाटते, पण ते खरे नाही. शेपूट लाकडात घट्ट बसलेले असल्यामुळे भार लाकडावर पसरतो आणि खुंटी फक्त पाते पुढे निसटू देत नाही. खुंटी हलक्या ठोक्याने निघते, म्हणून पाते साफ करायला किंवा तपासायला मूठ हवी तेव्हा उतरवता येते.

तिन्हींची तुलना करताना विद्यार्थी ‘कोणता जोड जास्त मजबूत’ एवढेच विचारतात. त्यापेक्षा ‘कोणता जोड मूळ वस्तूला धक्का न लावता उलटवता येतो’ हा प्रश्न मला अधिक उपयोगाचा वाटतो. पुढची सगळी चर्चा त्यावरच उभी आहे.

जपानने स्वतः केलेला बदल

मेजी काळात जपानने आपले सैन्य युरोपीय धर्तीवर उभे केले. आधी फ्रेंच आणि नंतर जर्मन लष्करी सल्लागार आले. गणवेश बदलला, तशी तलवारही बदलली. १८७५ च्या नियमांनी अधिकाऱ्यांसाठी युरोपीय घाटाची तलवार ठरवून दिली आणि १८८६ मध्ये तिचा नमुना अधिक पक्का झाला. मार्च १८७६ मध्ये सामुराईंना सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी करणारा हुकूम निघाला, मात्र लष्करी अधिकारी आणि पोलिसांना तो लागू नव्हता. म्हणजे तलवार ठेवायची तर गणवेशाबरोबर, आणि गणवेशाची तलवार सेबरच्या मुठीची.

ज्यांच्या घरी पिढीजात पाते होते त्यांनी काय केले? अनेकांनी तेच पाते नव्या मुठीत बसवले. या तलवारींना आता ‘क्यू-गुंतो’, म्हणजे जुनी लष्करी तलवार, म्हणतात. बाहेरून पाहिले तर पितळी कडे, मागची धातूची पट्टी, तारेने आवळलेली माशाच्या कातडीची पकड : सगळे युरोपीय. आत पाहिले तर लाकडाचा गाभा, आणि चांगल्या प्रतींमध्ये तीच बांबूची खुंटी. कारखान्यात तयार झालेल्या स्वस्त पात्यांना मात्र बहुधा खुंटी नसते. म्हणून संग्रहालयात अशी तलवार काचेआड असली तरी पकडीच्या बाजूवर खुंटीचे लहान गोल टोक दिसते का, ते पाहावे. दिसले तर आत घरंदाज पाते असण्याची शक्यता वाढते.

१९३४ मध्ये जपानी सैन्याने पुन्हा देशी घाटाची मूठ स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये ब्रह्मदेशात आणि मलायात जपानी अधिकाऱ्यांनी खाली ठेवलेल्या तलवारींत कारखान्याची पाती होती, तशी शतकांपूर्वीची पातीही होती. मूठ पाहून पात्याचे वय ठरवणे किती धोक्याचे आहे, ते यावरून कळेल.

आणखी एक बारकावा. सामुराईची कताना कमरपट्ट्यात धार वर ठेवून खोचतात. सेबर पट्ट्याला लटकते आणि तिची धार खाली असते. घडवणारा कारागीर शेपटावर आपले नाव कोरतो ते साधारणपणे तलवार लावल्यावर बाहेरच्या अंगाला येईल अशा बाजूला. कतानाचे नाव एका बाजूला आणि त्याहून जुन्या, धार खाली लटकवायच्या ‘ताची’ तलवारीचे दुसऱ्या बाजूला असते ते यामुळेच. कतानाचे पाते सेबरच्या मुठीत गेले की नाव शरीराच्या बाजूला जाते. अर्थात ते मुठीच्या आत असल्यामुळे कुणाला दिसत नाही, पण मूठ उतरवली की तलवार पूर्वी कशी लटकत होती याचा पुरावा हाती येतो.

लांबीची अडचण

आता मुख्य पेच. कतानाचे शेपूट साधारण १८ ते २२ सेंटिमीटर लांब असते, कारण तिची मूठ दोन हातांची. सेबरची पकड एका हाताची, १२ ते १४ सेंटिमीटरची. लांब शेपूट आखूड मुठीत कसे मावणार?

आज ज्या कार्यशाळांत हौशी लोक असे जोडकाम करतात तिथे पहिला विचार येतो तो शेपूट कापण्याचा. कापलेल्या टोकाला एक लोखंडी सळी वेल्ड करायची, तिला आटे पाडायचे आणि युरोपीय पद्धतीने मागून नट कसायचा. काम एका दुपारचे आहे. त्यात दोन गोष्टी जातात.

पहिली, पुरावा. कारागिराचे नाव, गाव, कधी कधी साल, हे सगळे शेपटावर असते. तिथला गंजसुद्धा मुद्दाम ठेवलेला असतो. त्याचा रंग आणि पोत पाहून जाणकार पात्याच्या वयाचा अंदाज बांधतात. म्हणून शेपूट घासून चकचकीत करणे हेही नुकसानच. दुसरी गोष्ट कडकपणा. जपानी पात्याच्या धारेला पातळ आणि पाठीला जाड मातीचा लेप देऊन ते तापवतात व पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन मार्टेन्साइट ही फार कठीण रचना बनते, पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. ही कमावलेली कठीणता २०० अंशांच्या पुढे उतरत जाते. शेपूट स्वतः मऊच असते, पण वेल्डिंगची आच लोखंडातून पुढे सरकते आणि धारेचा मुठीजवळचा भाग नकळत ‘उतरवते’. दिसत काहीच नाही. शिवाय वेल्डच्या शेजारचा पट्टा ठिसूळ राहिला तर जोराच्या झटक्याला पाते तिथून तुटून उडू शकते, आणि समोर माणूस असतो.

इथे एक प्रामाणिक अडचण नोंदवायला हवी. जपानी लोकांनी स्वतःही शेपटे कापली आहेत. जुनी लांब पाती आखूड करायची तर धारेचे टोक न दुखवता मागून कापतात आणि मूठ पुढे सरकवतात. त्यात पुष्कळ नावे कायमची गेली. मात्र काही वेळा नाव असलेला तुकडा दुमडून मागे बसवलेला किंवा कापून नव्या शेपटात जडवलेला आढळतो. म्हणजे काय गमावतो आहोत हे त्यांना ठाऊक होते.

क्यू-गुंतो घालणाऱ्या अधिकाऱ्यांची युक्ती साधी होती : शेपूट तसेच ठेवायचे आणि सेबरची मूठच लांब करायची. त्यामुळे जुन्या पात्याच्या अशा तलवारींची पकड खऱ्या युरोपीय सेबरपेक्षा लांब असते. कड्याच्या आत दुसऱ्या हाताची एक-दोन बोटेही मावतात. युरोपीय माणसाला ती बेढब वाटेल.

तोलाचा हिशेब

मूठ बदलली की हातात काय फरक पडतो? एक उदाहरण घेऊ. यातले आकडे सोयीसाठी मानलेले आहेत. पाते ७५० ग्रॅम, त्याचा गुरुत्वमध्य परजेच्या पुढे ३० सेंमी. जपानी मूठ ३०० ग्रॅम, तिचा मध्य परजेच्या मागे १० सेंमी. पूर्ण तलवारीचा तोल असा :

(७५० × ३० − ३०० × १०) ÷ १०५० = १८.६ सेंमी

म्हणजे परजेच्या पुढे १८.६ सेंमीवर बोट ठेवले तर तलवार आडवी तरंगेल. आता सेबरची आखूड मूठ घ्या, कड्यासकट ३५० ग्रॅम, मध्य मागे ५ सेंमी :

(७५० × ३० − ३५० × ५) ÷ ११०० = १८.९ सेंमी

तोलबिंदू जवळजवळ तिथेच राहिला. बऱ्याच जणांना याचे आश्चर्य वाटते. फरक पडतो तो हातांत. तलवार आडवी धरली तर पुढच्या हाताभोवती, म्हणजे परजेच्या मागे ५ सेंमीवर, भाराचे आघूर्ण पहिल्या तलवारीत सुमारे २.४ न्यूटन-मीटर आणि दुसऱ्या तलवारीत सुमारे २.६ न्यूटन-मीटर येते. दोन हातांनी धरल्यावर मागचा हात १५ सेंमी अंतरावरून खाली दाबतो आणि त्याला साधारण १६ न्यूटन पुरतात. एका हाताने धरल्यावर तेच काम तळव्याच्या ८ सेंमी रुंदीत करावे लागते, म्हणजे साधारण ३२ न्यूटन. मनगट दुप्पट राबते.

उपाय म्हणून मोगऱ्यात वजन घालतात. तोल १३ सेंमीवर आणायचा असेल आणि वजन परजेच्या मागे १२ सेंमीवर बसवायचे असेल, तर वरच्याच समीकरणातून सुमारे २६० ग्रॅम लागतात. गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. तलवार आता १३६० ग्रॅमची झाली. मनगटाची कळ थोडी कमी झाली, पण दंड आणि खांदा दमणार. फुकट काही मिळत नाही.

उलटवता येईल अशी बसवणी

शेपटाला हात न लावता हे काम करायचे असेल तर क्रम असा असतो. जुनी खुंटी बाहेर ठोकून मूठ उतरवायची आणि ती जपून ठेवायची. पात्याच्या बुडाशी असलेली तांब्याची किंवा पितळेची वळी, ‘हाबाकी’, काढायची नाही, कारण पाते म्यानात घट्ट बसते ते तिच्यामुळे. राळ आणि आम्ल नसलेल्या मऊ लाकडाच्या दोन फाका शेपटाच्या मापाने कोरायच्या. जपानी कारागीर यासाठी मॅग्नोलियाच्या जातीचे लाकूड वापरतात. कडक किंवा आम्लयुक्त लाकूड शेपूट खाते. फाका चिकटवून शेपटाच्या भोकासमोर आरपार भोक पाडायचे. सेबरची परज पुढून सरकवायची आणि फटी पातळ पितळी चकत्यांनी भरायच्या.

कडे कुठे अडकवायचे हा कळीचा मुद्दा आहे. युरोपीय सेबरमध्ये ते परजेपासून मोगऱ्यापर्यंत जाते आणि मोगरा शेपटाने आवळलेला असतो. इथे शेपूट मोगऱ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मुठीच्या पाठीवरून धातूची एक पट्टी परजेपर्यंत न्यायची, मोगरा तिला जोडायचा आणि कड्याचे मागचे टोक मोगऱ्यात बसवायचे. परज, पट्टी, मोगरा आणि कडे यांची मिळून एक चौकट होते. ती लाकडी गाभ्याला धरते, आणि गाभा खुंटीने पात्याला. कडे धारेच्या बाजूलाच यायला हवे. हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. खुंटी वाळलेल्या, जून बांबूची असावी. लोखंडी खिळा मारला तर तो भोकाचा काठ कातरतो.

भारतात असे काम करण्याआधी कायदा पाहणे आवश्यक आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये तलवारीही येतात आणि त्यासंबंधीचे नियम प्रदेशानुसार लागू होतात. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाच्या कक्षेत येते. तिच्यावर हात चालवण्याचा प्रयोग वर्गात कुणी करू नये. सरावासाठी नवे, धार नसलेले पाते घ्यावे.

फिरंग

आता घरच्या उदाहरणाकडे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज गोव्यात आले. त्यांच्याबरोबर आणि नंतर इतर युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर तिकडची लांब, सरळ पाती दख्खनच्या बाजारात येऊ लागली. मराठ्यांनी पाती घेतली, मुठी घेतल्या नाहीत. त्यावर आपली मूठ चढवली आणि त्या तलवारीला ‘फिरंग’ म्हटले.

हे पाते भारतीय तलवारीच्या पात्यापेक्षा लांब होते आणि त्याचे शेपूट युरोपीय रीतीचे, बारीक. नुसत्या लाखेवर त्याचा झटका निभणे कठीण. म्हणून खंड्याच्या घाटाच्या मुठीत परजेपासून दोन पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांनी पुढे येतात आणि पात्यातून आरपार रिव्हेट मारून त्या पक्क्या केलेल्या दिसतात. भार शेपटावरून पात्याच्या रुंद अंगावर सरकला. पण पात्याला भोके पडली, म्हणजे हा बदल पूर्णपणे उलटवता येणारा नाही. लांब पात्याच्या तोलाचा प्रश्नही त्याच मुठीत सोडवलेला आहे : मोगऱ्यातून मागे एक दांडा निघतो, आणि जोराचा वार करताना दुसरा हात त्यावर येतो. वरच्या हिशेबात १५ सेंमी अंतरावरच्या दुसऱ्या हाताने जे साधले, तेच.

‘जगदंबा’ नावाने ओळखली जाणारी तलवार याच जातीची. कोल्हापूरच्या राजघराण्याकडून ती १८७५-७६ च्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली आणि आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिच्या युरोपीय पात्यावर ‘आय एच एस’ ही येशूच्या नावाची अक्षरे ठोकलेली आहेत. तिकडे जपानमध्ये सामुराईंच्या कमरेची तलवार उतरवणारा हुकूम निघाला तोही याच दौऱ्याच्या अखेरीस. निव्वळ योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

अलीकडचे उदाहरण नागपूरकर भोसल्यांचे. वाराणसीतल्या भोसले घाटामुळे हे घराणे इथल्या विद्यार्थ्यांना परके नाही. या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात महाराष्ट्र शासनाने मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते सरळ, एकधारी, युरोपीय बनावटीचे. मूठ मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने लिहिलेले : ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’.

सुरुवातीला विचारलेल्या पाटीच्या प्रश्नाला इथे एक उत्तर मिळते. धन्याचे नाव, त्याचा हुद्दा आणि पाते परदेशी असल्याची कबुली, एकाच ओळीत. ‘मराठा तलवार’ किंवा ‘युरोपीय तलवार’ यांपैकी एकच शब्द निवडणाऱ्या आजच्या नोंदीपेक्षा ही जुनी ओळ जास्त सांगते. जपानी पात्याच्या सेबरची नोंदही अशीच, भाग सुटे ठेवून करावी : पाते जपानी, शेपटावर नाव आहे की नाही, शेपूट अखंड की कापलेले, मूठ युरोपीय घाटाची, १८७५ नंतरची, जोड बांबूच्या खुंटीचा, काढता येतो.